डेबिट आणि क्रेडिट: नोंद कोणाच्या वहीतली आहे ते आधी पाहा

पासबुकात पैसे आले की ‘क्रेडिट’ आणि गेले की ‘डेबिट’ असे छापलेले असते. त्यावरून क्रेडिट म्हणजे आपला फायदा आणि डेबिट म्हणजे आपला खर्च, अशी समजूत मनात पक्की बसते. हीच समजूत घेऊन एखादा विद्यार्थी अकरावीच्या पुस्तपालनाच्या वर्गात बसतो किंवा नागपूरच्या इतवारीतल्या एखाद्या पेढीवर टॅली हे हिशोबाचे सॉफ्टवेअर शिकायला लागतो आणि सुरुवातीलाच अडखळतो; कारण तेथे बँकेत पैसे भरले की बँकेचे खाते डेबिट करावे लागते. व्यवहार एकच, रक्कम एकच, तारीखही एकच, तरी शब्द उलटे. बहुतेक जण नियम पाठ करून वेळ मारून नेतात. माझ्या मते पाठांतराची येथे फारशी गरज नाही. प्रत्येक नोंदीपाशी थांबून ही वही कोणाची आहे आणि तिच्यातले हे खाते कोणाच्या नावाचे आहे, एवढे दोन प्रश्न विचारले, तर डेबिट आणि क्रेडिट यांचा अर्थ उलटा लागत नाही.

डेबिटला मराठीत ‘नावे’ आणि क्रेडिटला ‘जमा’ म्हणतात. बाजारात हे शब्द रोज कानावर पडतात. ‘दोन हजार माझ्या नावे टाका’, ‘पाचशे जमा करून घ्या’ असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला लेखाशास्त्र शिकवावे लागत नाही. दुकानदाराने आपल्या वहीत एखाद्याच्या नावे रक्कम टाकली म्हणजे त्या माणसाने काहीतरी घेतले आणि तो तेवढे देणे लागतो. त्याच्या खात्यात जमा केली म्हणजे त्याने काहीतरी दिले आणि त्याचे देणे तेवढे कमी झाले, किंवा दुकानदारच आता त्याचे देणे लागतो. यात नफा-तोट्याचा संबंध कोठेही येत नाही. घेणारा नावे, देणारा जमा, एवढेच.

आता हेच पासबुकाला लावून पाहावे. पासबुक आपल्या कपाटात असते, त्यावर आपले नाव असते, म्हणून ती आपली वही आहे असे वाटते. पण ती बँकेच्या वहीतल्या आपल्या खात्याची प्रत असते. तेथे दुकानदार बँक आहे आणि गिऱ्हाईक आपण. आपण बँकेला दहा हजार रुपये दिले म्हणजे बँकेच्या वहीत देणारे आपण, म्हणून आपले खाते जमा, अर्थात क्रेडिट. आपण एटीएममधून दोन हजार काढले म्हणजे घेणारे आपण, म्हणून आपल्या नावे, अर्थात डेबिट. बचत खात्यावर दर तिमाहीला मिळणारे व्याज आपल्या पासबुकात क्रेडिट म्हणून येते, पण बँकेच्या दृष्टीने तो खर्च आहे आणि तिच्या स्वतःच्या व्याज-खर्चाच्या खात्यात तेवढीच रक्कम डेबिट पडलेली असते. प्रत्येक व्यवहाराची एक नोंद नावे आणि तितक्याच रकमेची दुसरी जमा, हा द्विनोंदी पद्धतीचा पाया आहे. आपल्याला एका वेळी एकच बाजू दिसते, म्हणून गोंधळ होतो.

एकाच रकमेच्या चार नोंदी

हे नीट उलगडण्यासाठी नागपूरच्या कळमना बाजारातला एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.

काटोलकडच्या एका शेतकऱ्याने आंबिया बहाराचा संत्रा कळमन्याला एका अडत्याकडे, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकून देणाऱ्या मध्यस्थाकडे, पाठवला. हंगामाच्या आधी त्याने त्याच अडत्याकडून २०,००० रुपयांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली होती. गाडी आल्यावर ४,१०० रुपये भाडे अडत्याने चालकाला रोख दिले, हमाली आणि तोलाईचे १,९०० रुपये झाले, आणि माल ८४,००० रुपयांना विकला गेला. अडत्याच्या खतावणीत, म्हणजे सगळी खाती असलेल्या वहीत, शेतकऱ्याच्या नावाचे एक खाते आहे. त्यात उचल, भाडे आणि हमाली-तोलाई या तिन्ही रकमा शेतकऱ्याच्या नावे पडतात, कारण त्या पैशांचा लाभ त्याने घेतला. त्यांची बेरीज २६,००० होते. मालाचे ८४,००० जमा होतात, कारण माल त्याने दिला. शिल्लक ५८,००० रुपये जमा बाजूला राहते. अडत्याच्या वहीत शेतकऱ्याचे खाते ५८,००० ने जमा आहे, याचा अर्थ अडत्या शेतकऱ्याचे तेवढे देणे लागतो. अडत्या शेतकऱ्याला विक्रीचा आणि वजावटीचा जो लेखी हिशोब देतो, त्या पट्टीवर हीच रक्कम शेवटी लिहिलेली असते.

अडत्या ही रक्कम बँकेतून एनईएफटीने पाठवतो. येथे काळजीपूर्वक पाहावे. अडत्याच्या वहीत शेतकऱ्याचे खाते ५८,००० ने नावे पडते आणि शून्यावर येते. त्याच वेळी बँकेचे खाते जमा होते, कारण पैसे बँकेने दिले. अडत्याच्या बँकेच्या वहीत अडत्याच्या खात्यावर ५८,००० डेबिट, कारण तिच्याकडून घेणारा तो. शेतकऱ्याच्या बँकेच्या वहीत शेतकऱ्याच्या खात्यावर ५८,००० क्रेडिट, आणि त्याच्या मोबाइलवर संदेश येतो तो हा. शेतकरी स्वतः वही ठेवत असेल, तर तिच्यात त्याने बँकेचे खाते नावे टाकायचे आणि अडत्याचे खाते जमा करायचे, कारण पैसे अडत्याने दिले आणि ते बँकेकडे गेले. चार वह्या आणि एकच रक्कम, पण कोणत्याही वहीत ‘घेणारा नावे, देणारा जमा’ हा नियम बदललेला नाही. बदलला तो फक्त वहीचा मालक.

शेतकऱ्याच्या खात्यात ८४,००० ऐवजी ५८,००० च का क्रेडिट झाले, या प्रश्नाचे उत्तर पासबुकात कधीच सापडणार नाही. ते पट्टीतच सापडेल. म्हणून पट्टी जपून ठेवावी आणि तिच्यावरची प्रत्येक वजावट कोणत्या कारणाने नावे पडली ते त्याच दिवशी विचारून घ्यावे. हंगाम संपल्यावर चार महिन्यांनी हे विचारणे दोन्ही बाजूंना अवघड जाते.

स्वतःची वही लिहिताना

वरचा नियम व्यक्तींच्या आणि संस्थांच्या खात्यांना लागतो. दुकानाच्या वहीत मात्र रोकड, माल, फर्निचर अशा वस्तूंचीही खाती असतात, आणि भाडे, पगार, विक्री, व्याज अशा उत्पन्न-खर्चाचीही. त्यांच्यासाठी शिकवले जाणारे दोन नियम सोपे आहेत. वस्तूच्या खात्यात येणारी वस्तू नावे आणि जाणारी जमा. उत्पन्न-खर्चाच्या खात्यांत खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा. रोख विक्री झाली की रोकड आली म्हणून रोकड खाते डेबिट आणि विक्री हे उत्पन्न म्हणून विक्री खाते क्रेडिट. दुकानाचे भाडे रोख दिले की भाडे खाते डेबिट, रोकड खाते क्रेडिट. नवे कपाट घेतले की फर्निचर खाते डेबिट होते, आणि कपाट आल्याने कोणाचा तोटा झाला असे कोणी म्हणत नाही. डेबिट म्हणजे वाईट ही समजूत येथे आपोआप गळून पडते.

एक गोष्ट जुन्या वह्या पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. इंग्रजी पद्धतीच्या खात्यात डेबिट डाव्या बाजूला आणि क्रेडिट उजव्या बाजूला असते. देशी नामा, म्हणजे आपली जुनी हिशोबपद्धत, तिच्या लाल बासनातल्या वह्यांत मात्र जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे लिहिण्याची रीत होती. घरातल्या आजोबांच्या पेढीची वही उघडून कोणी डावी बाजू डेबिट समजून बेरजा करील, तर देणेकरी आणि घेणेकरी यांची अदलाबदल होईल. बाजूवरून अंदाज न करता रकान्याच्या डोक्यावर काय लिहिले आहे ते वाचावे.

टॅलीमध्ये बँकेचे खाते उघडले की बँकेत भरलेली रक्कम डेबिट बाजूला दिसते आणि बँकेने पाठवलेल्या विवरणात तीच क्रेडिट बाजूला असते. यात चूक नाही. दोन्ही शिल्लका रकमेने जुळाव्यात आणि बाजूने उलट असाव्यात, हीच बरोबर स्थिती आहे. महिनाअखेरीला बँक जुळवणी पत्रक करताना आपल्या वहीतले प्रत्येक डेबिट बँकेच्या क्रेडिटशी आणि आपले प्रत्येक क्रेडिट बँकेच्या डेबिटशी लावून खूण करावी. ज्यांना जोडीदार सापडत नाही त्या नोंदी म्हणजे दिलेला पण अजून न वटलेला धनादेश, बँकेने परस्पर कापलेले शुल्क, थेट जमा झालेले व्याज, किंवा खरोखरची चूक. हे काम दरमहा केले तर तासाभराचे असते, आणि वर्षाच्या शेवटी एकदम करायला घेतले तर जीव नकोसा होतो. मी याबाबत आग्रही आहे, कारण लहान दुकानांतले बहुतेक घोटाळे न जुळवलेल्या वहीतच दडून राहतात.

शिल्लकेपुढची दोन अक्षरे

विवरणाच्या शेवटच्या रकान्यात शिल्लकेपुढे ‘सीआर’ किंवा ‘डीआर’ अशी दोन अक्षरे असतात, आणि ती वाचायची सवय फार थोड्यांना असते. बचत खात्यावर ४५,००० सीआर म्हणजे बँक आपले ४५,००० रुपये देणे लागते. कर्जखात्यावर ४५,००० डीआर म्हणजे आपण बँकेचे तेवढे देणे लागतो. आकडा तोच आहे, पण एका ठिकाणी तो आपली मालमत्ता आहे आणि दुसऱ्या ठिकाणी आपल्यावरचा बोजा. व्यापाऱ्यांच्या कॅश क्रेडिट खात्याच्या नावातच क्रेडिट हा शब्द आहे, तरी त्यात शिल्लक सहसा डीआर असते, कारण ती बँकेने दिलेली उसनवारी आहे. येथे क्रेडिट या शब्दाचा अर्थ पत किंवा उधारीची सोय असा आहे, जमा असा नाही.

क्रेडिट कार्डातही हाच अर्थ आहे. डेबिट कार्डाने खरेदी केली की आपल्याच जमा रकमेतून पैसे जातात. क्रेडिट कार्डाने केली की बँक आपल्या वतीने पैसे देते आणि ते आपल्या नावे टाकते. म्हणून क्रेडिट कार्डाच्या विवरणात मोठा आकडा म्हणजे मोठे देणे, आणि ‘सीआर’ लागलेली नोंद म्हणजे आपण भरलेली किंवा परत आलेली रक्कम. एकूण देय रकमेपुढेच सीआर दिसले, तर आपण जास्त भरले आहे आणि त्या महिन्यात काही भरायचे नाही. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणे मात्र टाळावे, कारण त्यावर व्याज सर्वसाधारणपणे पहिल्याच दिवसापासून लागते.

माल परत आला तर चिठ्ठी कोणी द्यायची

गांधीबागेतल्या एका घाऊक व्यापाऱ्याने उमरेडच्या दुकानदाराला साड्या पाठवल्या. त्यांतल्या १२ साड्यांवर डाग निघाले. दर ९०० रुपयांचा, म्हणजे माल १०,८०० रुपयांचा, आणि पाच टक्के जीएसटीचे ५४० मिळून ११,३४० रुपये. घाऊक व्यापारी आपल्या वहीत दुकानदाराचे खाते तेवढ्या रकमेने जमा करतो, आणि तसे केल्याचे कळवणारी चिठ्ठी म्हणजे क्रेडिट नोट. दुकानदार आपल्या वहीत व्यापाऱ्याचे खाते तेवढ्याच रकमेने नावे टाकतो आणि तसे कळवतो, ती डेबिट नोट. दोन्ही चिठ्ठ्या एकाच परतीच्या असतात आणि दोन्ही बरोबर असतात.

बाजारातली ही रीत आणि करकायदा यांत मात्र एक फरक आहे, आणि तो न कळल्यामुळे लहान दुकानदारांची अडचण होते. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम ३४ प्रमाणे कराच्या हिशोबासाठी क्रेडिट नोट आणि डेबिट नोट या दोन्ही माल पुरवणाऱ्यानेच द्यायच्या असतात. बिलात किंमत किंवा कर जास्त लागला असेल, किंवा माल परत आला असेल, तर पुरवठादाराची क्रेडिट नोट. किंमत किंवा कर कमी लागला असेल, तर पुरवठादाराचीच डेबिट नोट. दुकानदाराने स्वतः काढलेली डेबिट नोट त्याच्या वहीपुरती ठीक आहे, पण तिच्या आधारे पुरवठादाराचा कर कमी होत नाही. म्हणून माल परत पाठवताना उमरेडच्या दुकानदाराने क्रेडिट नोट मागून घ्यावी आणि ५४० रुपयांचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट, आपल्या विवरणपत्रातून उलटवावे. अशी क्रेडिट नोट पुरवठादाराने आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर त्या तारखेपर्यंतच, दाखवता येते. दिवाळीचा माल परत करून चिठ्ठीचे नंतर पाहू म्हणणे महागात पडू शकते.

एका बाजूला डेबिट झाले, दुसऱ्या बाजूला क्रेडिट झाले नाही

सीताबर्डीवर गर्दीत उभे राहून यूपीआयने पैसे दिले, आपल्याला डेबिटचा संदेश आला आणि दुकानदार म्हणतो की मला आले नाहीत. अशा वेळी दोघेही खरे बोलत असतात. आपल्या बँकेच्या वहीत आपल्या नावे रक्कम पडली आहे आणि त्याच्या बँकेच्या वहीत ती अजून जमा झालेली नाही. घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवण्याऐवजी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक पाहून ठेवावा. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याच्या मुदती ठरवून दिल्या आहेत. व्यक्तीला पाठवलेली यूपीआय रक्कम तिच्या खात्यात जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात ती आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला दिलेल्या रकमेसाठी पाच दिवस आहेत. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम गेली, तर तीही पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी. त्यानंतर होणाऱ्या उशिरासाठी बँकेने ग्राहकाने न मागता दररोज १०० रुपये भरपाई द्यायची आहे. परत आलेली रक्कम पासबुकात क्रेडिटच्या रकान्यात ‘रिव्हर्सल’ म्हणून दिसते. वही लिहिणाऱ्याने ती उत्पन्न म्हणून धरू नये. तिने आधीचे डेबिट फक्त रद्द होते.

या दोन शब्दांतला फरक माहीत नसल्याचा फायदा घेणारी फसवणूक नागपुरातही नेहमी ऐकू येते. जुने फर्निचर किंवा दुचाकी विकायला काढलेल्या माणसाला फोन येतो, समोरचा लगेच सौदा पक्का करतो आणि सांगतो की मी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, म्हणजे तुमच्या खात्यात पैसे जमा होतील. हे ऐकताच फोन ठेवून द्यावा. यूपीआयचा पिन आपल्या खात्यातून पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो. पैसे जमा होण्यासाठी पिनही लागत नाही आणि आपण कोडही स्कॅन करायचा नसतो. पिन टाकणे म्हणजे माझ्या नावे रक्कम टाका असे आपणच बँकेला सांगणे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट एकदा शेजारी बसून, त्यांच्याच मोबाइलवर दाखवून समजावून द्यावी.

आपण न केलेले डेबिट दिसले, तर लगेच बँकेला कळवावे, खाते किंवा कार्ड थांबवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे दोष ग्राहकाचाही नसेल आणि बँकेचाही नसेल, आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले असेल, तर त्याच्यावर नुकसान पडत नाही. बँकेने ती रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती जमा करायची असते. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. म्हणून कळवण्यात एक तासही घालवू नये.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क तक्रार करता येते. नागपुरात विधान भवनाजवळ रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे म्हणून तेथे खेटे घालण्याची गरज नाही. तक्रार संकेतस्थळावरून करता येते किंवा चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते. ‘माझे पैसे गेले’ एवढेच लिहू नये. कोणत्या खात्यावर, कोणत्या तारखेला, किती रक्कम डेबिट झाली, ती कोणाच्या खात्यात क्रेडिट व्हायला हवी होती, संदर्भ क्रमांक काय आणि बँकेला केव्हा कळवले, हे या क्रमाने लिहावे आणि पासबुकाच्या त्या पानाची प्रत सोबत जोडावी.